वायबीसीओच्या फिल्मवर प्रकाश टाकला तेव्हा

सुपरकंडक्टरवर, म्हणजे पुरेसा थंड केला की ज्यातून वीज काहीच रेझिस्टन्स (विरोध) न होता वाहते अशा पदार्थावर, नुसता प्रकाश टाकून त्याच्या क्रिस्टलची आतली रचना बदलता येते हे मी एमएस्सीला असताना पहिल्यांदा ऐकलं आणि लगेच डोक्यात आलं की अरे, प्रकाश टाकला की वस्तू तापणारच ना, मग जे काय बदललं ते तापल्यामुळे नाही हे ठरवायचं कसं? पुढे गोवा विद्यापीठात पीएचडीला आले आणि हाच विषय घेतला, आणि आजवरच्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ या एकाच प्रश्नामागे गेलाय. तो वेळ कसा गेला ते लिहिते, कारण या विषयावर मराठीत शोधायला गेलं तर पेलेट, म्हणजे पूड दाबून केलेली चकती, आणि तिच्यावर तरंगणारं मॅग्नेट याच्या पुढे फारसं काही सापडत नाही.

आधी थोडं मागचं. १९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओन्नेसला दिसलं की पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली साधारण २६९ अंश सेल्सियसपर्यंत, थंड केला की त्याचा रेझिस्टन्स गायब होतो. मग पुढची कितीतरी वर्षं हा फार फार थंडीतलाच मामला राहिला. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, दुसऱ्याच वर्षी नोबेल मिळालं, आणि त्याच १९८७ मध्ये वायबीसीओ आलं, म्हणजे इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन. हे थंड करताना ९० केल्विनच्या थोडं वर असतानाच सुपरकंडक्टर होतं, आणि द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, म्हणून आमच्यासारख्या विद्यापीठाच्या लॅबला हे झेपतं.

वायबीसीओमध्ये सगळा खेळ ऑक्सिजनचा. एका युनिट सेलमध्ये, म्हणजे क्रिस्टलच्या परत परत येणाऱ्या सगळ्यात छोट्या ठोकळ्यात, जवळजवळ सात ऑक्सिजन असले तर ट्रान्झिशन टेम्परेचर, म्हणजे ज्या तापमानाला तो सुपरकंडक्टर होतो ते, ९० च्या वर, साडेसहाच्या आसपास असले तर ६० केल्विनच्या आसपास, आणि अजून काढत गेलं की एका टप्प्यानंतर सुपरकंडक्टिव्हिटी संपतेच, उरतो तो इन्सुलेटर. हा येणारा-जाणारा ऑक्सिजन बसतो तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्यांमध्ये. पण नुसता किती ऑक्सिजन आहे एवढ्यावर भागत नाही, तो कसा बसलाय यावरही अवलंबून असतं. कदंबाच्या बसमध्ये प्रवासी तेवढेच पण एकदा विखरून इथे एक तिथे एक बसलेत आणि एकदा ओळीने सलग बाकांवर बसलेत, तसं समजा. सलग बसले, म्हणजे साखळ्या लांब झाल्या, की शेजारच्या तांबं-ऑक्सिजनच्या थरांमध्ये जास्त होल्स, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जातात आणि ट्रान्झिशन टेम्परेचर वर सरकतं. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या अरगॉन लॅबच्या लोकांनी दाखवलं होतं की कमी ऑक्सिजनचं वायबीसीओ झटकन थंड करून नंतर नुसतं खोलीच्या तापमानाला ठेवलं तरी काही दिवसांत ट्रान्झिशन टेम्परेचर आपोआप वाढतं. ऑक्सिजन तेवढाच, फक्त तो हळूहळू जागा लावून बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच आम्हाला बरंच थांबवलं.

आणि मग प्रकाश. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं की कमी ऑक्सिजनच्या वायबीसीओ फिल्मवर, म्हणजे अगदी पातळ थरावर, साधा दिसणारा प्रकाश बराच वेळ टाकला तर रेझिस्टन्स उतरतो, ट्रान्झिशन टेम्परेचर वाढतं, दिवा बंद केल्यावरही थंडीत ते तसंच राहतं, आणि क्रिस्टलची उभी लांबी, म्हणजे सी अक्ष, किंचित आखूड होते. त्यानंतर २०११ मध्ये रोम आणि लंडनच्या गटांनी दुसऱ्या एका कॉपर ऑक्साइडवर, लॅंथॅनमवाल्या, इटलीतल्या त्रिएस्तेच्या एलेत्रा सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे फार तीव्र एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, एक्स-रे टाकून दाखवलं की जास्तीचे ऑक्सिजन जिथे विस्कटलेले होते तिथे एक्स-रेखाली ते परत शिस्तीत बसायला लागतात, आणि जिथे बीम पडला तिथेच. म्हणजे प्रकाशाने पेनसारखं लिहिता येईल की काय असा विचार त्यातूनच आला. हे वाचून मी इतकी भारावले होते की माझ्या गाइड मॅडमना जाऊन म्हटलं मला हेच करायचंय. मॅडम म्हणाल्या, "सिंक्रोट्रॉन नाहीये गं आपल्याकडे, पण दिवा आहे. दिव्यापासून सुरू कर."

मग सुरू केलं. आधी टार्गेट, म्हणजे पुढे लेझर मारून जिच्यातून फिल्म करायची ती पेलेट. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड, धातूंचं प्रमाण एकास दोनास तीन बसेल असं तोलून अगेटच्या खलात घोटायचं. हे घोटणं म्हणजे काही तास खांदा भरून येईपर्यंतचं काम, मध्ये मध्ये ॲसिटोन टाकायचं आणि ते उडून जाईपर्यंत परत घोटायचं. सुरुवातीला राखाडी दिसणारी पूड भट्टीत ९०० अंशांच्या पुढे जाऊन आली की काळी होते, परत घोटायची, परत भट्टी, मग प्रेसमध्ये दाबून पेलेट, आणि मग ऑक्सिजनच्या प्रवाहात सिंटर करून, म्हणजे तापवून घट्ट करून, अगदी हळू थंड करायचं, कारण थंड होताना, साधारण ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात, ती ऑक्सिजन पिते. पेलेट फोडून आत हिरवट ठिपके दिसले तर समजायचं दुसरा फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचं संयुग, आलाय, इट्रियम-बेरियम-कॉपरचाच पण सुपरकंडक्टर नसलेला. आमची पेलेट काळीभोर निघाली, नायट्रोजनमध्ये बुडवून वर मॅग्नेट ठेवला तर तरंगला, आणि त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये खालच्या मजल्यावरचे केमिस्ट्रीवालेही बघायला आले.

पण पेलेटवर प्रकाशाचा काही उपयोग नाही. दिसणारा प्रकाश या पदार्थात शंभरेक नॅनोमीटरपर्यंतच शिरतो, त्याखालची दोन मिलिमीटर जाडी आपल्या जागी मख्ख बसलेली असते आणि करंट सगळा तिथूनच जातो. म्हणून फिल्मच हवी. ती आम्ही मुंबईतल्या एका लॅबमध्ये जाऊन केली, आमचीच पेलेट टार्गेट म्हणून लावून. तिथे एक्सायमर लेझरची २४८ नॅनोमीटरची पल्स पेलेटवर मारतात, पृष्ठभागावरचा पदार्थ उडतो, चमकता झोत निघतो आणि समोर तापवलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या चौकोनी तुकड्यावर जाऊन बसतो. साधारण १०० नॅनोमीटर जाड, आरशासारखी काळी फिल्म. काही तुकडे पूर्ण ऑक्सिजनचे ठेवले आणि काही कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये परत तापवून झटकन थंड केले, म्हणजे ऑक्सिजन कमी राहील.

गोव्यात आणल्यावर पहिला शत्रू पावसाळा. वायबीसीओला दमट हवा अजिबात चालत नाही, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडशी बेरियम लगेच भानगड करतो, पृष्ठभागावर बेरियम कार्बोनेट बनतं आणि फिल्म पांढुरकी पडत जाते. ताळगावच्या पठारावर जुलैमध्ये हवा कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, वह्यांची पानंसुद्धा मऊ पडतात. त्यामुळे फिल्म कायम डेसिकेटरमध्ये, खाली सिलिका जेल, आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की काढून ओव्हनमध्ये सुकवून परत निळं करून ठेवायचं. पावसात हे इतक्या वेळा करावं लागतं की लॅबमध्ये शिरल्यावर बॅग ठेवायच्या आधी जेलचा रंग बघायची सवयच लागली.

मग काँटॅक्ट. चार बारीक तारा सिल्व्हर पेस्टने फिल्मवर चिकटवायच्या, बाहेरच्या दोनमधून करंट, आतल्या दोनवर व्होल्टेज, म्हणजे तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजणीत येत नाही. मायक्रोस्कोपखाली बसून पेस्टचा थेंब टाचणीच्या टोकाएवढा टाकायचा, हात स्थिर पाहिजे, आणि पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून हे करणं कसं असतं ते करणाऱ्यालाच कळतं.

चेंबर आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी बनवून दिला. तांब्याचा ठोकळा, त्यावर फिल्म, शेजारी प्लॅटिनमचा सेन्सर, खालून नायट्रोजनने थंड, वर काचेची खिडकी. थंड करायला लागलो की खिडकीवर दव धरायचं आणि प्रकाश आत जायचा तो धुक्यातून गेल्यासारखा, आज किती गेला आणि काल किती गेला काही मेळच नाही. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "बाय, तुझा नायट्रोजन उकळून हवेत जातोच आहे ना, तोच नळीने काचेवर फुंकर घालत सोड की." एवढंच केलं, नळी वळवली, उकळून निघालेला कोरडा नायट्रोजन काचेवरून वाहायला लागला आणि खिडकी स्वच्छ राहिली. लाखाचा पंप मागवून जे झालं नसतं ते एका नळीच्या तुकड्याने झालं. माझ्या थिसिसमध्ये त्या चेंबरचं चित्र आहे आणि त्याखाली वर्कशॉपचे आभार आधी, बाकीच्यांचे नंतर.

आता मूळ प्रश्न, उष्णता की प्रकाश. हॅलोजन दिव्यात इन्फ्रारेड भरपूर असतं, म्हणून दिवा आणि चेंबरच्या मध्ये पाण्याने भरलेला काचेचा सपाट डबा ठेवला, पाणी इन्फ्रारेडचा मोठा भाग शोषून घेतं. तरी फिल्म थोडी तापतेच, सेन्सर दाखवतो. म्हणून ठरवलं की दिवा चालू असतानाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढायचाच नाही. दिवा बंद करायचा, ठोकळा परत ठरलेल्या तापमानाला येऊन स्थिर होऊ द्यायचा आणि मग मोजायचं. आणि सोबत पूर्ण ऑक्सिजनची फिल्मही त्याच दिव्याखाली, तशाच तारा लावून.

हा दुसरा तुकडा सोबत ठेवणं मला या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. पूर्ण ऑक्सिजनची फिल्म धातूसारखी वागते, तापली की रेझिस्टन्स वाढतो. दिवा लावला की तिचा रेझिस्टन्स किंचित चढायचा आणि दिवा बंद केला की थोड्याच वेळात खाली पूर्वीच्या जागी. ही झाली निव्वळ उष्णता. कमी ऑक्सिजनच्या फिल्मचा आकडा मात्र दिव्याखाली खाली खाली जात राहिला, आधी जरा भरभर आणि मग मंद, तासन् तास, सरळ एक्स्पोनेन्शियलमध्ये न बसणारा असा लांब शेपटीचा वक्र. दिवा बंद केला, तापमान परत जागेवर आलं, आणि आकडा खालीच! त्या क्षणी मी मॅडमना फोन केला तर त्या रात्री जेवणावरून उठून लॅबमध्ये आल्या, ग्राफ बघितला आणि एकच विचारलं, "अंधारात ठेवलेली फिल्म कुठाय?"

कारण वर सांगितलं ना, झटकन थंड केलेली फिल्म नुसती ठेवली तरी ऑक्सिजन आपोआप जागा लावत बसतो आणि रेझिस्टन्स उतरतो. मग हे उतरणं दिव्यामुळे की वयामुळे? म्हणून फिल्म खोलीच्या तापमानाला डेसिकेटरमध्ये अंधारात ठेवून रोज मोजत राहायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत. हा काळ मला जड गेला, चवथीला, गणपतीत, घरी साखळी गावाला गेले तरी मन त्या डेसिकेटरमध्ये, आई म्हणाली गणपतीवरची माटोळी बांधायला हात लाव, तुझी फिल्म कुठे पळून जात नाही. आकडा बसल्यावरच प्रकाशाचं काम परत केलं, शेजारी तशीच एक फिल्म काळ्या कागदाखाली झाकून. झाकलेली हलली नाही, उघडी उतरली. आता बोलायला तोंड आलं.

पण रेझिस्टन्स बदलला म्हणजे रचना बदलली असं होत नाही. नुसते इलेक्ट्रॉन कुठेतरी अडकून बसले तरी रेझिस्टन्स बदलतो, आणि या विषयात या दोन्ही बाजूंचे लोक आहेत. एक म्हणतात फोटॉनने इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी तयार होते, इलेक्ट्रॉन साखळ्यांच्या थरात अडकतो, होल तांबं-ऑक्सिजनच्या थरात जाऊन करंट वाहतो, झालं. दुसरे म्हणतात की ऑक्सिजनसुद्धा जागा बदलून लांब साखळ्या करतो. मला वाटतं दोन्ही होतं, पहिल्यामुळे दुसऱ्याला ढकल मिळते, आणि तसं वाटायला दोन कारणं आहेत.

पहिलं एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्रिस्टलवरून एक्स-रे कोणत्या कोनांना जोरात परततात ते मोजून अणूंच्या थरांमधलं अंतर काढणं; त्या कोनांना ग्राफवर जी टोकं दिसतात ते पीक. फिल्मचा सी अक्ष उभा असल्यामुळे एका ओळीतले पीक दिसतात. सहावा पीक नेमका सबस्ट्रेटच्या, म्हणजे फिल्मखालच्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या, पीकवर चढून बसतो, त्याचा उपयोग नाही, म्हणून ३८.५ अंशांजवळचा पाचवा धरला. खोलीच्या तापमानाला बदल लगेच पुसला जात नाही, त्यामुळे प्रकाश टाकून झाल्यावर फिल्म थेट मशीनवर नेऊन मोजता येते. पीक सरकला तो मोठ्या कोनाकडे, म्हणजे सी आखूड झाला. सरकणं अंशाच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकं बारीक, आणि एवढ्याशा सरकण्यावर विश्वास ठेवायचा तर फिल्म मशीनवर जराही वरखाली बसली नाही ना हे आधी बघावं लागतं, म्हणून प्रत्येक वेळी सबस्ट्रेटचा पीकही मोजला, तो जागेवर असेल तरच फिल्मचा आकडा धरला. अंधारातल्या फिल्मचा पीक होता तिथेच.

दुसरं कारण परतीचा प्रवास. द्रव नायट्रोजनच्या थंडीत बदल जसाच्या तसा राहतो, पण फिल्म खोलीच्या तापमानाला आणली की काही दिवसांत रेझिस्टन्स हळूहळू मूळ जागी चढतो, आणि थोडं अजून गरम ठेवलं तर लवकर चढतो. वेगवेगळ्या तापमानांना हा वेग मोजून त्यातून ओलांडावी लागणारी ऊर्जेची भिंत काढली तर ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ येते, आणि साखळीतल्या ऑक्सिजनला एका जागेवरून शेजारच्या जागेवर उडी मारायला लागते तीही साधारण तेवढीच. नुसता इलेक्ट्रॉन सुटायचा असता तर ऑक्सिजनच्या उडीइतकीच भिंत का निघावी? हा आकडा बाहेर १९९० च्या दशकातच निघालेला आहे, आमचा त्याच्याशी जुळला याचं मला खूप समाधान आहे, कारण तो आमच्या चेंबरमधून निघाला.

ट्रान्झिशन टेम्परेचर मात्र गोव्यात मोजता येत नव्हतं. इतक्या कमी ऑक्सिजनची फिल्म ७७ केल्विनच्या बरीच खाली सुपरकंडक्टर होते, तिथे हेलियम लागतो. त्यासाठी इंदूरला गेले, तिथे यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमची सोय विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी जरूर अर्ज करावा. फिल्म व्हॅक्यूममध्ये पॅक करून नेली. खिडकीच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे फार थंड ठेवणाऱ्या भांड्यात, आधी अंधारात रेझिस्टन्स आणि तापमानाचा एक वक्र घेतला, मग थंडीतच प्रकाश टाकून परत. दुसरा वक्र पहिल्यापेक्षा काही केल्विन वरच्या तापमानालाच शून्याकडे कोसळला, म्हणजे ट्रान्झिशन टेम्परेचर वाढलं. तीच फिल्म, त्याच तारा, ऑक्सिजनचा एक अणूही बाहेरून आत टाकलेला नाही.

हे सांगितलं की लोक मला जर्मनीतल्या कामाबद्दल विचारतात, प्रकाशाने खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर केला ते. ते वेगळं. हँबुर्गच्या कावालेरी यांच्या गटाने २०१४ मध्ये वायबीसीओवर इन्फ्रारेडच्या अतिशय तीव्र आणि छोट्या पल्स मारून ऑक्सिजनला जोरात हलवलं, कॅलिफोर्नियातल्या एक्स-रे लेझरने अणू किती सरकले ते बघितलं, सरकले ते पिकोमीटरमध्ये, आणि सुपरकंडक्टरसारखं वागणं टिकलं पिकोसेकंदांपुरतं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहेत. आमचा बदल त्यामानाने छोटा आणि अतिशय संथ, पण थंडीत टिकून राहणारा, आणि मला टिकणारा बदल जास्त कामाचा वाटतो, कारण त्याने काही लिहिता येईल.

त्याचंच आता चालू आहे. फिल्मच्या अर्ध्या भागावर मास्क आणि अर्धा उघडा, दोन्ही भागांवर चार-चार काँटॅक्ट, आणि मध्ये कडेवरून जाणारी एक जोडी. प्रकाश मास्कच्या कडेखाली थोडा वळून शिरतो, त्यामुळे उजेड-अंधाराची हद्द नेमकी कुठे पडते ते आधी ठरवावं लागेल, त्यासाठी फोटोडायोड बारीक पायऱ्यांनी सरकवून बघतेय. काकांनी स्क्रूवाली छोटी सरकपट्टी बनवायला घेतलीय, ती मिळाली की काँटॅक्ट लावायला बसायचं, पाऊस सुरू व्हायच्या आत.